गांवाचा जागल्या : खानदेशांतील भय, गुन्हा आणि राखण यांचा संक्षिप्त इतिहास

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाचा पाया केव्हां घातला, घंटा कोणीं दिली, कोणकोणते धर्मगुरू होऊन गेले, हें लिहिण्याचा प्रघात आहे. तें काम या पुस्तकांत अधिक योग्य हातांनीं झालेलें आहे. आम्हीं निराळा विषय घेतला, त्याचें कारण प्रथम सांगणें उचित होईल.

ज्युबिलीच्या तयारीसाठीं गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही आपल्या धर्मग्रामांतील घरोघर फिरलों. प्रत्येक कुटुंबास एकच प्रश्न विचारिला : "तुम्हांस आपल्या गांवांत सर्वांत अधिक चिंता कशाची वाटते?" कापसाचा भाव, विहिरीचें पाणी, मुलांची नोकरी हीं उत्तरें आम्हांस अपेक्षित होतीं व तीं मिळालींही. परंतु निम्म्याहून अधिक घरांतून दुसरेंच गाऱ्हाणें ऐकूं आलें. कोणी शेतांतून चोरीस गेलेल्या विजेच्या मोटारीविषयीं बोलला, कोणी दारूच्या अड्ड्याविषयीं. एका मातेनें सांगितलें कीं, शिकवणीहून मुलगी परत येईपर्यंत ती ओट्यावरून हलत नाहीं. आणि या सर्वांच्या शेवटीं, जणू पाठ केल्याप्रमाणें, एक वाक्य वारंवार येई : "आपले लोक चांगले आहेत हो फादर, हें सारें बाहेरच्यांचें काम."

या शेवटच्या वाक्यानें आम्हांस विचारांत पाडलें. बाहेरचा तो कोण? आणि राखण करणारा आपला तो कोण? खानदेशाच्या गेल्या दोनशें वर्षांच्या इतिहासांत हा प्रश्न अनेक वेळां उभा राहिलेला आहे व त्याचीं उत्तरेंही देण्यांत आलेलीं आहेत. तीं पाहूं.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हा प्रांत उजाड झाला होता. १८०२ त यशवंतराव होळकरांच्या फौजा येथून गेल्या. त्यांच्या पाठोपाठ १८०३–०४ चा भयंकर दुष्काळ पडला. लोकांनीं गांवें सोडलीं. खुद्द धुळें १८०३ त निर्मनुष्य झालें होतें, आणि पुढच्या वर्षीं विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनीं लोकांना परत आणून तें वसविलें. पेंढाऱ्यांच्या टोळ्या व पगार थकलेले शिपाई यांनीं जें उरलें होतें तेंही लुटलें. १८१८ त पेशवाई संपून हा प्रांत इंग्रजांच्या हातीं गेला व कॅप्टन जॉन ब्रिग्ज येथला पहिला कलेक्टर म्हणून आला. त्यानें धुळें हें आपलें मुख्य ठाणें केलें. त्या वेळीं या प्रांतांतील रस्त्यांवरून वाटसरू सुखानें जाऊं शकत नसे. सातपुडा, सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर येथून भिल्लांच्या टोळ्या खालीं उतरत, गुरें हांकून नेत व पुन्हां रानांत अदृश्य होत.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हे जे लुटारू म्हणून ओळखले गेले, ते मूळचे गांवाचे राखणदार होते. खानदेशाच्या खेड्यांत पाटील व कुळकर्णी यांच्या जोडीला जागल्या असे, आणि हा जागल्या बहुधा भिल्ल असे. नांवांतच त्याचें कर्तव्य आहे. गांव निजलें असतां त्यानें जागावें. रात्रीं गस्त घालावी, नवीन माणूस आला तर पाटलास वर्दी द्यावी, चोरी झाली तर पाऊलखुणांवरून माग काढावा. माग दुसऱ्या गांवच्या शिवेंत गेला, तर पुढची जबाबदारी त्या गांवच्या जागल्यानें उचलावी. या सेवेबद्दल त्याला धान्याचा हक्क मिळे. गांव त्याला पोशी आणि तो गांव राखी, असा हा व्यवहार होता.

गांवेंच उठलीं तेव्हां हक्क कोठून मिळणार? राखणदाराची भाकर गेली, आणि ज्या वाटा तो राखीत होता त्याच वाटांवर तो लूट करूं लागला. पेशवाईच्या अखेरच्या काळांत कांहीं अंमलदारांनीं भिल्लांना समेटासाठीं बोलावून विश्वासघातानें मारल्याचेंही जुन्या दप्तरांत नमूद आहे. अशा रीतीनें भूक व विश्वासघात या दोहोंनीं मिळून आपल्यांतल्याच एका माणसाला बाहेरचा केलें.

इंग्रजांनीं प्रथम फौजेच्या बळावर हा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न केला. ब्रिग्जनें टोळ्यांचा पाठलाग केला, कांहीं नायकांना तनखे बांधून दिले. परंतु एक टोळी मोडली कीं दुसरी उभी राही. अखेर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे मुंबईचे गव्हर्नर असतां, १८२५ त, धोरण बदललें. भिल्लांसाठीं तीन स्वतंत्र कचेऱ्या निघाल्या. एक धरणगांवीं, एक कन्नडला व एक कुकरमुंड्यास. मागील अपराधांची माफी, कसण्यास जमीन, बैल व बियाणें यांसाठीं तगाई, आणि गांवोगांवच्या जागल्यांचे बुडालेले हक्क पुन्हां चालू करणें, हें त्यांचें काम.

धरणगांवीं जेम्स आउट्रम नांवाच्या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे भिल्लांचेंच एक दल उभारण्याचें काम आलें. ज्यांच्याशीं आदल्या मोसमांत लढाई झाली, त्यांनाच बंदूक देऊन पहाऱ्यावर उभें करावयाचें, ही कल्पना पुष्कळांना वेडेपणाची वाटली. आउट्रम त्यांच्या पाड्यांत गेला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीस हिंडला, त्यांच्या गोष्टी ऐकत बसला. प्रारंभीं थोडे लोक आले, मग अधिक आले, आणि थोड्याच वर्षांत खानदेश भिल्ल दल हें शेंकडों शिपायांचें शिस्तबद्ध पथक झालें. आउट्रम १८३५ पर्यंत खानदेशांत होता. तेवढ्या काळांत ज्या वाटा ओस पडल्या होत्या त्यांवरून पुन्हां गाड्या चालूं लागल्या.

आम्ही येथें परकीय सत्तेचा पोवाडा गात नाहीं. राज्य टिकावें व सारा वसूल व्हावा हा त्या सत्तेचा हेतु होता, आणि रानांवरील भिल्लांचा जुना अधिकार पुढें त्याच सत्तेनें हिरावून घेतला. परंतु शिकण्यासारखें जें आहे तें शत्रूकडूनही शिकावें. १८१८ पासून सात वर्षें बंदुकीनें जें साधलें नाहीं, तें माणसाचा हक्क व विश्वास परत दिल्यानें साधूं लागलें.

विश्वास काढून घेतला म्हणजे काय होतें, याचा दाखलाही फार लांब नाहीं. मुंबई–आग्रा रस्त्यावरील सेंधव्याच्या घाटाची राखण खाज्या नाईक यांच्याकडे होती. पुढें ते सरकारच्या मर्जींतून उतरले, त्यांची चाकरी गेली. १८५७ चा वणवा पेटला तेव्हां हेच खाज्या नाईक सातपुड्यांत बंडाचे पुढारी म्हणून उभे राहिले, आणि घाटांतून जाणारा सरकारी खजिना लुटला गेला. ११ एप्रिल १८५८ रोजीं अंबापाणी येथें सरकारी फौजेशीं मोठी लढाई झाली व पुष्कळ भिल्ल मारले गेले. त्या वेळच्या सरकारी कागदांत ते दरोडेखोर आहेत. आज सातपुड्याच्या पाड्यांत त्यांचें नांव स्वातंत्र्यवीर म्हणून घेतलें जातें. असाच दुसरा प्रसंग १४ एप्रिल १९४४ चा. शिंदखेडें तालुक्यांतील चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटण्यांत आला, तो साताऱ्याच्या प्रतिसरकारचे कार्यकर्ते व त्यांचे खानदेशी सहकारी यांनीं. तेथें आज त्यांचा गौरव होतो. तेव्हां गुन्हेगार कोण, याविषयीं सरकारचें मत व रहिवाशांचें मत हीं नेहमींच एक असतात असें नाहीं. म्हणूनच रहिवाशांचें मत बनतें कसें, याची चौकशी अगत्याची आहे.

१८५७ नंतर कायद्यांचे दिवस आले. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्यानें गांवच्या पाटलावर गुन्ह्यांची वर्दी देण्याची जबाबदारी कायद्यानें बांधून दिली. ही गोष्ट ठीकच होती. परंतु १८७१ त गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आणि १९११ च्या कायद्यानें त्याची व्याप्ति साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढली. या कायद्यानें गुन्हा हा कृत्याचा न राहतां जन्माचा झाला. ठराविक जमातींत जो जन्मला त्यानें पोलीस ठाण्यावर हजेरी द्यावी, परवान्यावांचून गांव सोडूं नये, मग त्यानें आयुष्यांत काडीची चोरी केलेली नसो. सोलापुरासारख्या ठिकाणीं तारेच्या कुंपणांत अशा लोकांच्या वसाहती झाल्या. १९५२ च्या ऑगस्टअखेर स्वतंत्र भारतानें हा कायदा रद्द केला. कागदावरून तो गेला; लोकांच्या मनांतून तो किती गेला हें पुढें दिसेल.

दरम्यान प्रांताची घडी बदलत गेली. १९०६ त खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगांव व धुळें हीं त्यांचीं ठाणीं. १९६० त त्यांना आजचीं नांवें मिळालीं, आणि १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. वतनदारी पाटीलकी संपली, आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याखालीं नेमलेला पोलीस पाटील गांवांत आला. जागल्याचा हक्क गेला, जागल्याही गेला. राखण आतां पगारी पोलिसांची, असें आम्हीं सर्वांनीं मानलें व निश्चिंत निजलों.

शहरांनीं आम्हांस दोनदां जागें केलें. १९९४ सालीं जळगांवांत असें उघडकीस आलें कीं, कित्येक मुलींना फसवून, त्यांचीं चित्रें काढून, त्या चित्रांच्या धाकानें त्यांच्यावर पुन्हां पुन्हां अत्याचार करण्यांत येत होते. बहुतेक पीडित मुली तक्रार करण्यास पुढें येऊं शकल्या नाहींत. आम्ही त्या वेळीं सेमिनरींत शिकत होतों. शहरांतील सभ्य माणसें त्या अपराध्यांविषयीं हळू आवाजांत आणि त्या मुलींविषयीं मोठ्या आवाजांत बोलत, हें आम्हांस अद्याप आठवतें. येथें भय बाहेरच्यांचें नव्हतें. अपराध्यांचें खरें कवच होतें तें आपल्याच समाजाची जीभ. जेथें पीडितेलाच लाज वाटावी लागते, तेथें चोराला अंधाराची गरज राहात नाहीं.

दुसरा प्रसंग ६ जानेवारी २०१३ चा. धुळ्यांत एका खाणावळींतील बिलाच्या क्षुल्लक तंट्यावरून दोन समाजांत दंगल पेटली व पोलिसांच्या गोळीबारांत सहा तरुण प्राणास मुकले. तंटा किती रुपयांचा होता हें लोक आजही सांगतात. पण त्या रुपयांच्या मागें किती वर्षांचा संशय सांचला होता, तें कोणी सांगत नाहीं. या मोहल्ल्याला विचारा, भय त्या मोहल्ल्याचें. त्या मोहल्ल्याला विचारा, भय या मोहल्ल्याचें. दोघेही दार लावून बसतात आणि दोघांनाही आपलें दार सुरक्षित वाटत नाहीं.

आतां त्या प्रसंगाकडे वळतों, ज्याच्यासाठीं हा लेख लिहिणें आम्हांस भाग पडलें. १ जुलै २०१८, रविवार. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा नांवाचा आदिवासी गांव आहे. त्या दिवशीं तेथें आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच पुरुष तेथें आले होते. डवर हें लहानसें वाद्य वाजवून गांवोगांव भिक्षा मागणें हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय. हे पांच जण बहुतेक सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढें तालुक्यांतले. त्या दिवसांत मोबाईलवरून अशी आवई सर्वत्र उठली होती कीं, मुलें पळविणारी टोळी आली आहे. टोळी कोणीं पाहिली नव्हती; संदेश मात्र सर्वांनीं पाहिला होता. बाजारांत संशय आला, गर्दी जमली. त्या पांच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयांत कोंडण्यांत आलें व तेथें मरेपर्यंत मारण्यांत आलें.

वाचकहो, या घटनेंत कोणीही चोर नव्हता. ज्यांनीं मारलें त्यांना वाटत होतें कीं, आपण आपलीं मुलें राखीत आहों. ज्या घरांत गांवानें न्याय करावयाचा, तेंच घर वधस्थान झालें. आणि याहून दुःखाची गोष्ट अशी : एके काळीं जन्मावरून चोर ठरविले गेलेल्यांचीं नातवंडें, आणि एके काळपासून फिरस्ते म्हणून संशयिले गेलेल्यांचीं नातवंडें, हीं त्या दिवशीं समोरासमोर उभीं होतीं. १८७१ चा कायदा सहासष्ट वर्षांपूर्वीं रद्द झाला होता, पण तो कोणाच्याही मनांत शिरूं शकतो, ज्यानें त्याचे चटके सोसले त्याच्याही.

दुसऱ्यांचा दोष दाखवून आम्हीं थांबणें अप्रामाणिकपणाचें होईल. त्याच पावसाळ्यांत, राईनपाड्यानंतर थोड्या दिवसांनीं, आमच्या शाळेच्या फाटकाशीं दोन भगवे वस्त्रधारी भिक्षेकरी उभे राहिले. शाळा सुटण्याची वेळ होती. पालक जमले होते. कोणी मोबाईल काढून त्यांचीं छायाचित्रें घेऊं लागला, कोणी त्यांच्या झोळ्यांकडे बोट दाखवूं लागला. आम्ही व्हरांड्यांतून हें पाहिलें, आणि आम्हीं प्रथम काय केलें? आम्हीं फाटकास कुलूप घालण्यास सांगितलें. मुलें आंत राहिलीं, ते दोघे बाहेर त्या गर्दींत राहिले. आम्हीं गर्दीपुढें जाऊन एक शब्दही बोललों नाहीं. त्या वेळीं आमच्या धर्मग्रामांतील एक वृद्ध भिल्ल आजी नातवाला नेण्यास आली होती. तिनें गर्दींतून वाट काढली, आपल्या पिशवींतील पाण्याची बाटली त्यांच्या हातीं दिली आणि विचारिलें, "तुमनं गाव कोनतं शे, भाऊ?" त्यांनीं गांवाचें नांव सांगितलें, दर वर्षीं या वाटेनें कोणत्या गांवाहून कोणत्या गांवास जातों तें सांगितलें. गर्दींतलाच एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "हो, मागल्या वर्षीं आमच्या ओट्यावर बसले होते." तेवढ्यानें लोक पांगले.

पुढें आम्हांस कळलें कीं, त्या आजींचे आजोबा त्यांच्या गांवचे जागले होते. नवीन माणूस आला तर त्याला गांव विचारावें, हें जागल्याचें पहिलें काम. आम्ही सेमिनरींत वर्षानुवर्षें शिकलों, चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यावर किती प्रवचनें दिलीं याची गणती नाहीं. परंतु त्या दिवशीं वाट ओलांडून पलीकडून गेलेला याजक आम्ही होतों. हें ज्युबिलीच्या वर्षीं आम्ही लेखीं कबूल करितों.

राईनपाड्यानंतर सरकार व न्यायालय स्वस्थ बसलें नाहीं. १७ जुलै २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें झुंडबळीच्या खटल्यांविषयीं आदेश दिले : प्रत्येक जिल्ह्यांत जबाबदार पोलीस अधिकारी नेमावा, खटले त्वरित चालवावे, पीडितांच्या कुटुंबांस भरपाईची योजना असावी. त्याच महिन्यांत व्हॉट्सअॅपनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठविण्यास बंदी केली. १ जुलै २०२४ रोजीं, म्हणजे त्या घटनेस बरोबर सहा वर्षें झालीं त्याच दिवशीं, भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या १०३ व्या कलमांत पांच वा अधिक जणांनीं मिळून जात, समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनास जन्मठेप किंवा मृत्युदंड सांगितला आहे.

कायदा हवाच. परंतु कायदा गुन्ह्याच्या मागून येतो, आणि जागल्या गुन्ह्याच्या आधीं जागा असतो. हा जागल्या पुन्हां उभा करण्याचे प्रयत्न आपल्या महाराष्ट्रांतच झालेले आहेत. भिवंडींत १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनीं मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांचीं साधीं माणसें, पोलिसांसह, नियमानें एकत्र बसूं लागलीं. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ त मुंबई जळत असतां, जी भिवंडी पूर्वीं दंगलींसाठीं कुप्रसिद्ध होती, ती शांत राहिली. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यांत महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम सुरू झाली. गांवच्या तंट्यांची नोंद करावी, तडजोडीस योग्य तंटे गांवांतच मिटवावे, नवे होऊं देऊं नयेत, असा तिचा क्रम. कांहीं गांवांत ती बक्षिसाच्या फलकापुरती उरली, हें खरें. पण जेथें समितींत बायका बसल्या, वस्तीवरचे लोक बसले, तेथें तिनें काम केलें हेंही आम्हीं जवळून पाहिलें आहे.

तेव्हां घरोघर मिळालेल्या त्या उत्तराला आमचें प्रत्युत्तर काय? मोटारी चोरीस जातात हें खरें, दारूचा अड्डा आहे हें खरें, त्या मातेचें ओट्यावर बसणें खरें. या भयाला हंसणें पाप होईल. चोरी झाली तर तक्रार लेखीं नोंदवावी. संकटकाळीं ११२ हा क्रमांक फिरवावा. अड्ड्याविषयीं ग्रामसभेंत उभें राहून बोलावें. आणि मुलीनें आपलें दुःख सांगितलें तर प्रथम तिच्यावर विश्वास ठेवावा. परंतु "बाहेरच्यांचें काम" हें वाक्य पुराव्यावांचून तोंडांतून काढूं नये, आणि खात्री केल्याविना कोणताही संदेश पुढें पाठवूं नये. आठव्या आज्ञेचा भंग आतां बोटाच्या एका स्पर्शानें होतो, आणि त्यांतून पांचव्या आज्ञेचा भंग किती जवळ असतो, तें राईनपाड्यानें दाखविलें.

असो. ज्युबिलीच्या स्मरणार्थ देवळाला नवें फाटक बसविण्याचें ठरलें आहे व त्यासाठीं आपण उदारपणें देणग्याही दिल्या आहेत. फाटक बसवूं, कुलूपही असूं द्या. आमची धर्मग्राम समितीस इतकीच विनंती आहे कीं, फाटकाच्या बाहेरच्या अंगास एक बांक व पाण्याचा एक माठ ठेवावा. आणि शाळा सुटण्याच्या वेळीं तेथें आपल्यापैकीं कोणीतरी, वारीप्रमाणें, बसत जावें. वारीच्या यादींत पहिलें नांव आम्हीं आपलें घातलें आहे.